चार मिलिमीटरची जागा

जुनी रेसिंग सायकल बघायला गेलं की लोक आधी नळ्यांवरचं स्टिकर वाचतात. नळ्या रेनॉल्ड्स 531 च्या आहेत की कोलंबसच्या (दोन्ही नावाजलेल्या पोलादी नळ्या), लग्जवर, म्हणजे नळ्यांच्या सांध्यांवरच्या खोबण्यांवर, कोरीवकाम आहे का, रंग मूळचा आहे की नंतर मारलाय. मी सायकल उलटी करते आणि बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा आस बसतो त्या नळकांड्याच्या, मागे बघते. तिथून दोन चेनस्टे निघतात आणि मागच्या चाकाला मधे घेत हबपर्यंत जातात. आधीच्या मालकाने सायकल कशी चालवली, ते या दोन नळ्यांच्या आतल्या अंगाला दिसतं, आणि टायर व नळीच्या मधे बांधणाऱ्याने किती जागा सोडलीय तेही.

मागच्या हिवाळ्यात डर्बीशायरमधल्या एका सायकल जंबलमध्ये, म्हणजे जुन्या सायकली आणि सुट्या भागांच्या बाजारात, 1980 च्या दशकातली एक देखणी निळी फ्रेम हातात आली. बाहेरून एक ओरखडा नाही. आत मात्र डाव्या चेनस्टेवर बोटभर लांबीचा पट्टा चकाकत होता. रंग गेलेला, खालचं प्रायमर गेलेलं, उघड्या पोलादावर बारीक समांतर रेघा. उजव्या चेनस्टेचा रंग शाबूत. हे एकाच बाजूला होण्याला कारण आहे. त्या काळच्या फ्रेमना आडवे ड्रॉपआउट, म्हणजे चाक धरणाऱ्या पत्र्या, असत, त्यांच्या खाचेत चाकाचा ॲक्सल पुढे-मागे सरकवता येई. चढावर उभं राहून जोर लावला की चेन ॲक्सलचं उजवं टोक पुढे ओढते. ते जरासं सरकलं तरी चाक तिरपं होतं आणि टायरची पुढची कड डाव्या चेनस्टेकडे झुकते. मधे मुळातच दीड-दोन मिलिमीटर जागा असेल तर टायर नळीला टेकतो, आणि टायरला चिकटलेली ओली रेती मैलोन् मैल नळी घासत राहते. आधीचा मालक दणकट असणार, चढ उभ्याने मारणारा असणार, आणि फ्रेमला मानवतो त्याहून एक माप मोठा टायर त्याने दामटून बसवलेला असणार. फ्रेम मी तिथेच ठेवली.

मी राहते शेफिल्डला. शहराच्या पश्चिमेला दारातूनच पीक डिस्ट्रिक्टचे चढ सुरू होतात. मुख्य रस्ते सोडून दोन दगडी भिंतींमधल्या अरुंद वाटांना लागलं की डांबर नावालाच उरतं. हिवाळ्यात मीठ आणि रेती, शरद ऋतूत कुंपणं छाटल्यावर पडलेले काटे, आणि खड्डे तर बाराही महिने. शिवाय जुन्या रेल्वेमार्गांचे सायकलमार्ग झालेत, त्यांतला ॲशबोर्नकडून बक्स्टनच्या दिशेने जाणारा टिसिंग्टन ट्रेल 1971 पासूनचा. खाली चुनखडीची बारीक खडी. इथे रोज सायकल चालवणाऱ्याला आपल्या फ्रेममध्ये किती जाड टायर मावतो हा प्रश्न हौसेचा राहत नाही. आणि मला तर टायर आणि नळीच्या मधल्या त्या जागेबद्दल बोलायला कुणी भेटलं की वेळ पुरत नाही, कारण फ्रेम बांधणाऱ्याच्या मनात कुठला रस्ता होता हे त्या जागेइतकं दुसऱ्या कशातच दिसत नाही.

जागा चार ठिकाणी बघायची असते. पुढे चिमट्याच्या डोक्याखाली, चिमट्याच्या दोन पायांमधे, मागे सीटस्टेंना, म्हणजे सीटखालून हबकडे उतरणाऱ्या दोन नळ्यांना, जोडणाऱ्या आडव्या नळीखाली जिथे ब्रेक बसतो तिथे, आणि चेनस्टेंच्या बेचक्यात. पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी टायरची उंची अडते, दुसऱ्या आणि चौथ्या ठिकाणी रुंदी. मोजायला वेगळं हत्यार लागत नाही, ॲलन कीचा जुडगा पुरतो. चाक बसवायचं, पूर्ण हवा भरायची आणि 3, 4, 5, 6 मिलिमीटरच्या किल्ल्या एकेक करून टायर आणि नळीच्या मधून सरकवायच्या. चाक हळूहळू फिरवत राहायचं, कारण कुठलाच टायर रिंगेवर अगदी सारखा बसत नाही. एखाद्या जागी तो फुगीर असतो आणि किल्ली तिथेच अडकते. प्रत्येक बाजूला 4 मिलिमीटरची किल्ली निर्वेध फिरली की माझं समाधान होतं. 3 वर मी कोरड्या उन्हाळ्यात जाईन. 2 वर जाणार नाही, मग सायकल कितीही सुंदर असो.

यातली सगळ्यात अवघड जागा चेनस्टेंची. बाकी ठिकाणी फ्रेम बांधणारा मनात आणेल तेवढी जागा सोडू शकतो. इथे त्याला चहूबाजूंनी घेरलेलं असतं. मधे टायर, उजवीकडे चेनरिंगचे, म्हणजे पुढच्या दातेरी चक्राचे, दाते, बाहेरून फिरणारे क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे. नळी बाहेर ढकलावी तर क्रँकला लागते, आत घ्यावी तर टायरला. म्हणून कारागीर नळीला नेमक्या ठिकाणी पोचा देतात, आत टायरसाठी आणि बाहेर चेनरिंगसाठी. दुसरा मार्ग म्हणजे चेनस्टे लांब करायचे. दोन नळ्या मागे जाताना एकमेकींपासून फाकत जातात, त्यामुळे चाक 10 मिलिमीटर मागे सरकलं की दोन्ही बाजू मिळून साधारण 2 मिलिमीटर जास्त मिळतात. टूरिंगच्या फ्रेममध्ये चेनस्टे 430-440 मिलिमीटरचे असत, 1980 च्या दशकातल्या शर्यतीच्या फ्रेममध्ये ते 405-410 वर आले. त्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये काय काय गेलं ते पुढे सांगते.

सुरुवातीला जागा भरपूर असे, कारण रस्ते कच्चे होते. टूर द फ्रान्स 1903 मध्ये सुरू झाली आणि 1911 मध्ये पहिल्यांदा आल्प्समधल्या गालिबिए खिंडीत चढली, तेव्हा वर धड रस्ताच नव्हता. दगडधोंडे, चिखल आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी. त्या सायकलींच्या फोटोत चिमट्याचं डोकं आणि टायर यांच्या मधून पलीकडचा डोंगर दिसतो. इंग्लंडमध्ये तर चांगल्या रस्त्यांची मागणी मोटारवाल्यांच्या आधी सायकलवाल्यांनी लावून धरली. रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन 1886 मध्ये त्यांच्याच संघटनांनी काढली. पुढे डांबर पसरत गेलं आणि फ्रेममधली जागा आकसत गेली. ज्या रस्त्यांसाठी एका पिढीने अर्जविनंत्या केल्या, त्या रस्त्यांवर भरवसा ठेवून तिसऱ्या-चौथ्या पिढीने सायकली बांधल्या. आज त्याच रस्त्यांचे खड्डे महिनोन् महिने बुजत नाहीत आणि सायकल मात्र गुळगुळीत डांबर गृहीत धरून बांधलेली, हे मला मनापासून खुपतं.

इंग्लंडमध्ये जागा टिकून राहिली त्यामागे इथल्या शर्यतींची रीत होती. खुल्या रस्त्यावर घोळक्याने शर्यत लावायला इथल्या सायकल संघटनेचीच बंदी होती, त्यामुळे टाइम ट्रायलची परंपरा रुजली. रविवारी भल्या पहाटे एकेकाने सुटायचं आणि घड्याळाशी झुंजायचं. आमच्या क्लबात ऐंशी ओलांडलेले एक सभासद आहेत. 1950 च्या दशकाच्या शेवटी ते 25 मैलांच्या शर्यतींत उतरत. घरी मोटार नव्हती, शर्यतीला सायकलवरच जायचं. रोजची 27 इंची चाकं, मडगार्ड, मागे पिशवीत डबा. शर्यतीची हलकी चाकं, ज्यांना इथे स्प्रिंट म्हणत, हँडलच्या दोन बाजूंना उभी बांधलेली. त्यासाठी पुढच्या ॲक्सलला लावायच्या दोन लहान पट्ट्या मिळत, त्यांत स्प्रिंटचे ॲक्सल अडकवायचे आणि वरून पट्ट्याने हँडलला आवळायचं. त्यांच्या शेडमध्ये खिळ्याला त्या पट्ट्या अजून लटकताहेत. मी हातात घेऊन बघितल्या. दोन बोटांत मावतील एवढ्या, आणि भोकांच्या कडा वापरून गुळगुळीत झालेल्या.

शर्यतीच्या ठिकाणी पोचलं की मडगार्ड काढायचे, चाकं बदलायची, शर्यत करायची, पुन्हा 27 इंची चाकं चढवायची आणि घरी. म्हणजे एकाच फ्रेमने एकाच सकाळी दोन आयुष्यं काढायची. 27 इंची रिंगेचा व्यास, टायर जिथे बसतो तिथे, 630 मिलिमीटर. स्प्रिंटचा आणि आजच्या रोड सायकलच्या 700सी रिंगेचा 622. फरक 8 चा, त्रिज्येत 4 चा. ते सांगत होते, “सगळे फिक्स्ड गिअरवर, ब्रेक फक्त पुढे. रबरं चार मिलिमीटर खाली सरकवायची की झालं. बोटं गारठलेली असायची, पाना हातातून पडायचा, पण तेवढंच काम.” (फिक्स्ड गिअर म्हणजे चाकाबरोबर पायडलही फिरत राहतात, त्यामुळे पायांनीही वेग रोखता येतो.) अशी फ्रेम बांधणाऱ्याला मोठं चाक, त्यावर मडगार्ड आणि मधली हवा असा सगळा हिशेब करूनच ब्रेकचं भोक पाडावं लागे.

पुढे घरोघरी मोटार आली. सायकल टपावर टाकून शर्यतीला जाता येऊ लागलं, आणि रोजच्या वापराची फ्रेम व शर्यतीची फ्रेम यांची ताटातूट झाली. माझ्या मते जागा आकसण्याचं खरं कारण हे. शर्यतीच्या सायकलला मडगार्ड लागेना, जाड टायर लागेना, घरी परत येणं लागेना. ब्रेकच्या बोल्टपासून रिंगेपर्यंतचं अंतर पूर्वी 47 ते 57 मिलिमीटरमध्ये बसेल असं असायचं, ते 39 ते 49 वर आलं. ब्रेकचे हात आखूड झाले की ते कमी वाकतात आणि तेवढ्याच ताकदीत रिंग जास्त घट्ट धरतात, हे खरं आहे. चेनस्टे आखूड केले की मागचा भाग ताठ होतो, वजनही थोडं घटतं, हेही खरं. काही कारागिरांनी तर चाक आणखी पुढे घेता यावं म्हणून सीट ट्यूबलाच, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीलाच, बाक दिला. त्या फ्रेम ज्या कामासाठी होत्या त्या कामात चोख होत्या, आणि त्यांचं ब्रेझिंग, म्हणजे धातू वितळवून केलेले सांधे, बघताना आजही नजर हलत नाही.

पण शर्यतीची सायकल दिसायला जशी, तशी सगळ्यांना हवी झाली. टायर आणि नळीच्या मधून उजेड दिसला तर सायकल ढिली, बापुडवाणी वाटायला लागली. मग जे कधीच शर्यतीत उतरणार नव्हते, जे पावसात कामाला जाणार होते, ज्यांचं वजन नव्वद किलो होतं, त्यांनाही दुकानात 20 आणि 23 मिलिमीटरच्या टायरची आणि मडगार्ड न मावणारी सायकल मिळाली. शर्यतीतल्या मूठभरांना जो फायदा झाला असेल तो असो. बाकीच्यांनी वर्षानुवर्षं मनगटं आणि कंबर हादरवून घेतली, पाठीवर चिखलाची रेघ मारून घेतली, आणि बऱ्याच जणांनी सायकल गॅरेजमध्ये टांगून ठेवली.

बाबांना फोनवर हे सांगत होते तेव्हा त्यांना आधी नीट कळेचना. त्यांनी जिच्यावर उभं आयुष्य काढलं ती सायकल म्हणजे 28 बाय दीडची काळी रोडस्टर. “अगं, चाक आणि चिमट्याच्या मधे जागा नाही म्हणजे काय? मग चिखल जातो कुठं?”

प्रश्न अगदी नेमका होता. आमच्या इस्लामपूरकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात सायकल घातली की टायरवर मातीचा थर चढत जातो, मडगार्डच्या आत गच्च बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग काटकी घेऊन तो उकरायचा, दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायचा. एवढी जागा असूनही ही गत. बाबांच्या रोडस्टरच्या चिमट्याखाली माझी चारी बोटं जायची. त्यात ब्रेकच्या रचनेचाही भाग होता. सळईचे ब्रेक रिंगेला आतून, हबच्या बाजूने दाबतात; टायरच्या डोक्यावरून वळसा घालणारा ब्रेकचा पंजाच नाही, त्यामुळे टायर किती उंच असावा याला ब्रेकची अडकाठी नाही. ही सायकल मुळात इंग्लंडमधलीच. नॉटिंगहॅमच्या रॅलेने आणि इतरांनी ती जगभर पाठवली. ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या ब्रिटिश कंपनीने 1949 मध्ये मद्रासला टीआय सायकल्स उभी केली आणि 1960 मध्ये तिकडे रॅलेच ताब्यात घेतली. इंग्लंडमध्ये रोडस्टर हळूहळू दिसेनाशी झाली. आपल्याकडे दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे आणि कॅरिअरवर आख्खं कुटुंब वाहत ती टिकली, आणि तिच्यातली जागा कुणी कमी केली नाही. कमी केली असती तर ती चाललीच नसती.

फ्रान्समध्ये आणखी एक घराणं होतं, त्याबद्दल मला सगळ्यात जास्त आदर आहे. सेंत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही, ज्यांना सगळे व्हेलोसियो म्हणत, लांब पल्ल्याच्या भटकंतीसाठी जाड टायरचा आयुष्यभर पुरस्कार करत राहिले. त्यांच्यामागून पॅरिसमध्ये रने हर्स, ॲलेक्स सँजे यांच्यासारखे कारागीर आले. त्यांच्या सायकलीत टायर, मडगार्ड आणि फ्रेम एकत्रच आखलेले असत. मडगार्ड नंतर कसाबसा कोंबलेला नसे. त्याला बसायला फ्रेमवर ठिकाणं ब्रेझ केलेली असत आणि टायर ते मडगार्ड अंतर पुढे-मागे सगळीकडे एकसारखं असे. त्याच सायकली पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस या लांब पल्ल्याच्या फेरीच्या 1200 किलोमीटरला जात आणि वेळेत परतही येत. जागा सोडली की सायकल मंदावते, हा समज त्या रस्त्यांवर तेव्हाच खोटा ठरला होता. बाकीच्यांना हे मान्य व्हायला अर्धं शतक लागलं.

मान्य झालं ते मोजमापांमुळे. टायरवर भार पडला की त्याची उंची साधारण 15 टक्क्यांनी बसावी, इतकीच हवा भरावी, असं सायकलींवर लिहिणाऱ्या फ्रँक बर्टो यांनी मांडलं. सायकलींचे अभ्यासक यान हाइने यांनी प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत फिरत्या ड्रमऐवजी खऱ्या, खडबडीत रस्त्यावर टायर तपासले. फार कडक टायर खडबडीत रस्त्यावर सायकल आणि माणूस दोघांना सतत उडवत असतो, आणि त्या उडण्यात पायांनी घातलेली शक्ती वाया जाते. 32 चा टायर 23 च्या टायरपेक्षा रुंदीला फक्त 9 मिलिमीटर जास्त, पण त्याच्या पोटातली हवा जवळजवळ दुप्पट. म्हणून तो कमी दाबावर चालतो, रिंग खड्ड्याच्या कडेला आपटत नाही, आणि हलक्या, लवचीक कापडाचा असेल तर वेगातही मागे राहत नाही. व्यावसायिक शर्यतींतही 23 चे 25 झाले, मग 28, आता 30 सुद्धा दिसतात. डिस्क ब्रेक आले आणि टायरच्या डोक्यावरची ब्रेकची अडकाठी तिथेही गेली.

आणि तिथेच जुन्या फ्रेमवाल्यांची पंचाईत झाली, कारण दुकानातले टायर रुंद होत गेले आणि रिंगाही. जुन्या रिंगेची आतली रुंदी 13-14 मिलिमीटर, आजच्या रिंगेची 19 ते 21. बाजूवर 25 छापलेला टायर जुन्या रिंगेवर 25 च्या आतबाहेर भरतो, नव्या रिंगेवर तोच 27-28 होतो. टायरवर छापलेला आकडा म्हणजे अंदाज. फ्रेमला ठाऊक असते ती कॅलिपरने मोजलेली रुंदी.

क्लबातल्या त्याच ज्येष्ठांकडून मी माझी सध्याची फ्रेम घेतली. 1970 च्या दशकातली, एका लहान कारागिराने बांधलेली, रेनॉल्ड्स 531 च्या नळ्या, 27 इंची चाकं आणि मडगार्ड गृहीत धरलेली. त्यात मी 700सी चाकं घातली. त्रिज्या 4 मिलिमीटरने कमी झाली, म्हणजे उंची अडते त्या दोन्ही ठिकाणी टायरच्या वर 4 मिलिमीटरची हवा फुकटात मिळाली. ब्रेकची रबरं तेवढी खाली सरकवली, जुन्या वाइनमान सेंटरपुल ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा होतीच. मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर 120 मिलिमीटर होतं, ते कारागिराकडून 126 करून घेतलं. 32 चे टायर, वर मडगार्ड, आणि चेनस्टेजवळ दोन्ही बाजूंनी 5 ची किल्ली जाते. स्नेक पासवरून ग्लॉसपच्या बाजूला उतरताना एकदा मागच्या चाकाचा गिअरकडचा स्पोक तुटला. 36 स्पोकच्या चाकातला एक गेला तरी रिंग बोटभर लांबीत चांगलीच एका अंगाला जाते. मागचा ब्रेक सैल केला, चाक फिरवून बघितलं, टायर नळीला लागत नव्हता. तशीच पुढच्या ब्रेकवर हळूहळू खाली आले आणि गावात पोचल्यावर चाकाचा आउट काढून घेतला. जंबलमधल्या त्या निळ्या फ्रेममध्ये हेच झालं असतं तर चाक तिथेच जाम झालं असतं.

माझी उंची 5 फूट 2 इंच, त्यामुळे जागेचा आणखी एक प्रश्न मला कायम सोबत असतो, ज्याबद्दल उंच पुरुष फारसं लिहीत नाहीत. लहान फ्रेममध्ये पुढचं चाक आणि पायडल मुळातच जवळ येतात. हळू वळताना बुटाचं टोक टायरला लागतं. टायर जाड केला, वर मडगार्ड घातला, की आणखी लागतं. म्हणजे चिमट्याखाली जागा आहे म्हणून ती सगळी वापरता येईलच असं नाही. लहान माणसाला फ्रेम निवडताना बुटासाठीची जागाही मोजावी लागते. अशा वेळी 650बी चाकांचा विचार करावा. त्यांची रिंग 584 ची, म्हणजे त्रिज्येत 19 मिलिमीटरने लहान. गंमत अशी की 650बी वर 42 चा टायर घातला तर चाकाची पूर्ण त्रिज्या 334 होते, आणि 700सी वर 25 चा घातला तर 336. सायकलची उंची जवळजवळ तीच राहते आणि टायर मात्र जवळजवळ पावणेदोनपट रुंद होतो. रिंग खाली गेल्यामुळे फार लांब हातांचे ब्रेक लागतात, 55 ते 73 मिलिमीटर पोचणारे टेक्ट्रोचे मिळतात. पण उंचीचा प्रश्न सुटला तरी रुंदीचा सुटत नाही. 1980 च्या अरुंद चेनस्टेमध्ये 42 जाणार नाही, बऱ्याच फ्रेममध्ये 38 सुद्धा नाही.

मग लोक चेनस्टे पकडीत धरून दाबतात. इंटरनेटवर त्याचे फोटो बघून माझा जीव कळवळतो. एखाद्या जाणत्या कारागिराने 531 च्या नळीला मोजून-मापून पोचा दिला तर गोष्ट वेगळी, तो मुळात तिथे पोचा देतच होता. पण घरी व्हाइसमध्ये धरून, नळीची भिंत किती पातळ आहे हे न बघता दाबणं म्हणजे चाळीस वर्षं टिकलेल्या नळीत तडा जायला जागा करून देणं. रेनॉल्ड्स 753 असेल तर हातच लावू नये. ती नळी उष्णतेची प्रक्रिया दिलेली असते आणि गार वाकवण्यासाठी नसते. अरुंद फ्रेम अरुंदच वापरावी. चांगल्या दर्जाचे 25 चे टायर घालावेत, कोरड्या दिवशी, बऱ्या रस्त्यावर चालवावी, आणि ते जमणार नसेल तर ज्याला जमेल त्याला द्यावी. ती निळी फ्रेम नंतर आमच्याच क्लबातल्या एका तरुण मुलीने घेतली. ती 23 च्या टायरवर उन्हाळी टाइम ट्रायल करते, आणि त्या कामात ती फ्रेम तिला शोभते.

पुण्यात, मुंबईत किंवा इकडे लेस्टरला कुणी जुनी रोड फ्रेम घेणार असेल तर एवढं करावं. आपल्याला जो टायर चालवायचाय तो चढवलेलं, आउट काढलेलं चाक सोबत न्यावं. “अठ्ठावीस आरामात बसतो” या शब्दावर जाऊ नये, चाक घालून बघावं. मागचं चाक हवा न सोडता आत जातं का, हेही बघावं. घरी हवा सोडून घालता येतं, पण पावसात पंक्चर काढताना पूर्ण हवा भरलेला टायर ब्रेकमधून आत जात नाही तेव्हा त्याची किंमत कळते. चाक घातल्यावर सायकल धरून सीट बाजूला ढकलावी आणि टायर कुठे टेकतो का ते पाहावं. नव्या टायरचं माप लगेच धरू नये. पूर्ण हवा भरून दोन-तीन आठवडे वापरला की तो ताणला जातो आणि अर्धा-एक मिलिमीटर रुंद होतो. तेव्हा किल्ल्या पुन्हा फिरवाव्यात, आणि मगच मडगार्डच्या सळया कापाव्यात.